एका चौकटीतले हास्यचित्र : घडण आणि पारख



मराठीतील विनोदी साहित्याचा विचार करताना श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे ही नावे ओघानेच येतात. हास्यचित्रकारांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. झाला तरी तो दिवाळी अंकांच्या सजावटीच्या संदर्भात होतो. हास्यचित्र पाहावे, हसावे आणि पान उलटावे, असाच आपला रिवाज आहे. त्यामुळे कथा-कवितेला आपण जे प्रश्न विचारतो, ते हास्यचित्राला विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

हे प्रश्न विचारायला हवेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हास्यचित्राची पारख करताना ‘हसू आले का?’ हा प्रश्न पहिला असणे स्वाभाविक आहे. पण तो शेवटचा असू नये. हसू कशामुळे आले, ते येण्यासाठी पाहणाऱ्याने स्वतः काही काम केले का, आणि ते हसू कोणाच्या वाट्याला गेले, हे त्यानंतरचे प्रश्न आहेत. चांगला चित्रकार चित्र घडवताना हेच प्रश्न स्वतःला विचारत असतो. म्हणून घडण आणि पारख या दोन गोष्टी येथे एकत्र पाहू.

प्रकाराची ओळख

‘व्यंगचित्र’ ही संज्ञा आपण सैलपणे वापरतो. तिच्या पोटात राजकीय टीकाचित्र, व्यक्तीच्या चेहऱ्याचा अर्क काढणारे अर्कचित्र, अनेक चौकटींची चित्रमालिका आणि एका चौकटीतले हास्यचित्र असे वेगवेगळे प्रकार येतात. राजकीय चित्राला त्या दिवसाच्या बातमीचा आधार असतो आणि चित्रमालिकेला आधीच्या चौकटीचा. एकचौकटी हास्यचित्राला असा कोणताही आधार नसतो. त्यातली माणसे आपल्या ओळखीची नसतात, त्यांचा पूर्वेतिहास माहीत नसतो आणि पुढचे पान त्यांचे नसते. प्रसंग, पात्रे, विसंगती आणि तिचा उलगडा हे सर्व त्याला एका क्षणात मांडावे लागते.

या प्रकाराला आजचे रूप सावकाश आले. एकोणिसाव्या शतकातील ‘पंच’ या इंग्रजी साप्ताहिकात चित्राखाली दोन-तीन पात्रांचा सविस्तर संवाद छापला जाई. संवाद हाच विनोद असे आणि चित्र केवळ त्याची सोबत करी. १९२५ मध्ये सुरू झालेल्या ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकाने एका पात्राच्या तोंडी एकच ओळ देण्याची रीत रुळवली. चित्र आणि ओळ परस्परांवाचून अपुरी असावीत, ही अपेक्षा तेथे पक्की झाली. मराठीत ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढीत. मराठी मासिकांतील हास्यचित्राच्या आरंभीच्या कलावंतांत हरिश्चंद्र लचके यांचे नाव घेतले जाते. पुढे शि. द. फडणीस, वसंत सरवटे अशा चित्रकारांनी हा प्रकार समृद्ध केला. मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या ‘आवाज’सारख्या दिवाळी अंकांमुळे तो घरोघरी पोहोचला.

व्यंजना : चित्रातील न काढलेला भाग

शब्दशक्तींच्या अभ्यासात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना यांची ओळख आपल्याला झालेली आहे. शब्दाचा सरळ अर्थ अभिधेने कळतो. जो अर्थ सांगितलेला नसतो पण जाणवतो, तो व्यंजनेने कळतो. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा मानले. सूचित अर्थाला ‘व्यंग्य’ म्हणतात. ‘व्यंग’ म्हणजे उणीव हा शब्द त्याहून निराळा आहे. ‘व्यंगचित्र’ या नावात रूढ लेखनानुसार उणीव दिसत असली, तरी या कलेचा प्राण मात्र व्यंग्यात आहे.

फडणीस यांचे ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावरील मुखपृष्ठ अनेकांच्या परिचयाचे आहे. १९५०च्या दशकारंभीचे हे चित्र शब्दविरहित आहे. एक तरुण आणि एक तरुणी जवळजवळ उभी आहेत. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी आहे, तर दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. चित्रकाराने कापडावरच्या नक्षीला जीव असल्याची केवळ सूचना केली आहे. दोन वस्त्रांमधला पाठलाग त्याने काढलेला नाही, तो आपण मनात रचतो. माणसांचा मामला आणि मांजर-उंदरांचा मामला यांचा संबंधही आपणच जोडतो. चित्राखाली एखादे वाक्य छापून हा संबंध सांगितला असता, तर आपल्याला करायला काही उरले नसते. चित्रकाराने अर्धी वाट चालून थांबावे आणि उरलेली पाहणाऱ्यावर सोपवावी, हे या प्रकाराचे मर्म आहे. घडणीतले जवळजवळ सारे निर्णय ‘कुठे थांबायचे?’ या एका प्रश्नाशी येऊन मिळतात.

एक चित्र घडवून पाहू

तत्त्वाची चर्चा उदाहरणावाचून कोरडी राहते, म्हणून एक काल्पनिक चित्र टप्प्याटप्प्याने घडवून पाहू. विषय जुनाच घेऊ : कार्यालयातील खिडकी, बाहेर ताटकळणारी माणसे आणि आतला कर्मचारी.

पहिला आराखडा सहज सुचतो. कर्मचारी टेबलावर डोके ठेवून घोरतो आहे आणि मागच्या भिंतीवर ‘कामात व्यत्यय आणू नये’ अशी पाटी आहे. हे चित्र पाहून काहीजण हसतील. तरीही ते बाजूला ठेवले पाहिजे. झोपलेला कर्मचारी आपण कार्यालयात पाहिलेला नसून इतर हास्यचित्रांत पाहिलेला आहे. हे चित्र अनुभवातून आलेले नाही, चित्रांतूनच आले आहे. पहिल्यांदा जे सुचते ते बहुधा सर्वांनाच सुचलेले असते. त्यामुळे पहिला आराखडा ही केवळ सुरुवात समजावी.

दुसरा आराखडा असा : खुर्ची रिकामी आहे, तिच्या पाठीवर कोट अडकवला आहे आणि एक खेडूत त्या कोटाला हात जोडून अर्ज देतो आहे. हा विनोद पहिल्यापेक्षा धारदार आहे. पण त्यात एक खोटेपणा आहे. रिकाम्या खुर्चीवरचा कोट म्हणजे काय, हे त्या खेडुतापेक्षा अधिक चांगले कोणाला ठाऊक असणार? चार चकरा मारलेला माणूस कोटाला साहेब समजत नाही. त्याला तसे दाखवले की हसू कार्यालयाकडून निघून त्याच्या कथित अडाणीपणाकडे वळते. विनोदासाठी पात्राला त्याच्या मुळच्या शहाणपणापेक्षा मूर्ख करावे लागत असेल, तर ती कल्पना कच्ची आहे.

येथे निरीक्षणाकडे परतावे लागते. रांगेतली माणसे प्रत्यक्षात काय करतात? पाण्याच्या टँकरपुढे हंडे-घागरींची रांग आपण पाहिलेली आहे. रॉकेलच्या दुकानापुढे डब्यांची रांगही अनेकांना आठवत असेल. माणूस सावलीला बसतो आणि त्याच्या वतीने वस्तू उभी राहते. खिडकीपुढच्या रांगेतही चपला, पिशवी, वीट अशा वस्तू ठेवून लोक आपला क्रमांक धरतात. आत खुर्चीवरचा कोट तरी दुसरे काय करीत असतो? तोही कोणाच्या तरी वतीने जागाच धरून असतो. हा संबंध दिसताच तिसरा आराखडा जन्माला येतो : बाहेर रांगेत माणसे नाहीत, वस्तू आहेत आणि आत खुर्चीतही माणूस नाही, वस्तूच आहे. कार्यालयाचे कामकाज सुरळीत चालू आहे, फक्त त्यात माणूस कोणीच नाही.

कल्पना सापडली म्हणजे चित्र झाले, असे नाही. आता तपशिलांची निवड करायची आहे आणि येथेच कसब लागते.

पहिला निर्णय दिशेचा. मराठी वाचकाची नजर डावीकडून उजवीकडे सरकते. खुर्ची डाव्या बाजूला काढली, तर कोडे घालण्यापूर्वीच उत्तर दिसेल. म्हणून रांग डावीकडून सुरू व्हावी आणि खिडकी उजव्या टोकाला असावी.

दुसरा निर्णय स्पष्टतेचा. वस्तू ठेवून क्रमांक धरण्याची रीत ज्याला ठाऊक नाही, त्याला हे सामान विसरलेले वाटेल. यासाठी डाव्या टोकाला नुकताच आलेला एक माणूस काढावा. तो वाकून रांगेच्या शेवटी आपला डबा ठेवतो आहे आणि त्याचे दुसरे पाऊल सावलीकडे वळले आहे. चित्राचा नियम या एका कृतीने कळतो. पाहणारा तो नियम घेऊन रांगेतून पुढे सरकतो आणि खुर्चीपाशी पोहोचल्यावर स्वतःच तो लागू करतो.

तिसरा निर्णय वस्तूंचा. रांगेत चपला, कापडी पिशवी, वीट आणि छत्री असू द्यावी. म्हाताऱ्याची काठी ठेवण्याचा मोह होईल, कारण ती करुण दिसते. पण काठी ठेवून म्हातारा गेला कसा? हास्यचित्राचे जग कितीही विपरीत असले, तरी आपल्या नियमांशी ते प्रामाणिक असावे लागते. क्षेमेंद्राने काव्यासंदर्भात ज्याला औचित्य म्हटले, त्याची येथेही गरज आहे. काठी वगळावी. त्याऐवजी बाईच्या झिजलेल्या चपलांशेजारी लहान मुलाच्या चपला ठेवाव्यात. घरी मूल सांभाळायला कोणी नसल्याने तिला ते बरोबर आणावे लागले, इतके त्यातून कळते.

आत काय असावे? कोट हे जुन्या चित्रांतले चिन्ह आहे. आज कार्यालयात कोट घालून येणारा कर्मचारी विरळा. त्याच्या जागी खुर्चीच्या पाठीवर स्वेटर आणि उघड्या नोंदवहीवर चष्मा ठेवला, तर चित्र आजचे होते. मग काठीला लावलेला न्याय चष्म्याला का नको, अशी शंका कोणी घेईल. चष्मा वाचायला लागतो, चहा प्यायला लागत नाही, हे तिचे उत्तर.

चौथा निर्णय वगळण्याचा. खिडकीवर ‘कृपया रांगेत उभे राहावे’ ही पाटी लावावीशी वाटेल. ती विनोदाकडे बोट दाखवते, म्हणून काढून टाकावी. मग भिंतीवरचे घड्याळही काढावे काय? तसे केले तर एखादा न्यायी वाचक म्हणेल, ‘जेवणाची सुट्टी असेल.’ त्यामुळे साडेअकरा वाजलेले लहानसे घड्याळ राहू द्यावे. चित्र रिते करणे हे उद्दिष्ट नसते. चौकटीतल्या प्रत्येक वस्तूला काम असावे, एवढाच आग्रह असतो.

शेवटचा प्रश्न अधिक अवघड आहे. हे चित्र दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजते का? बाहेरच्यांची अनुपस्थिती नाइलाजाची आहे आणि आतल्याची सोयीची. दोघांना सारखे लेखणे अन्यायाचे ठरेल. झिजलेल्या चपला आणि त्यांच्या शेजारच्या लहान चपला हा फरक सूचित करतात, उबदार स्वेटर दुसऱ्या बाजूने तेच सांगतो. हा फरक चित्रातून जाणवत नसेल, तर कल्पना कितीही चतुर असली तरी चित्र पुन्हा काढावे लागेल.

ओळ हवी की नको?

फडणिसांच्या शब्दविरहित चित्रांचे यश पाहून चित्राखालची ओळ ही दुर्बळतेची खूण आहे, असे काहींना वाटते. हे मत टोकाचे आहे. १९४१ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये आलेले पीटर आर्नो यांचे एक चित्र येथे आठवते. विमान कोसळले आहे आणि लोक त्याच्याकडे धावत आहेत. बगलेत नकाशांची गुंडाळी घेतलेला एक गृहस्थ मात्र शांतपणे तेथून निघाला आहे. ‘चला, पुन्हा आराखड्यापासून सुरुवात करू’ अशा आशयाचे वाक्य त्याच्या तोंडी आहे. हे वाक्य इंग्रजीत पुढे वाक्प्रचार म्हणून रूढ झाले. ओळ नसती तर हा गृहस्थ कोण, हे नीट कळले नसते. चित्र नसते तर ते वाक्य एखाद्या कंटाळलेल्या नोकरदाराचे साधे उद्गार ठरले असते.

यावरून एक साधी चाचणी मिळते. ओळ झाकून चित्र पाहावे, मग चित्र झाकून ओळ वाचावी. ओळ झाकूनही विनोद पूर्ण कळत असेल, तर ती ओळ अनावश्यक आहे. चित्र झाकूनही हसू येत असेल, तर तो छापील विनोद आहे आणि चित्र त्याची सजावट आहे. दिवाळी अंकांतील पुष्कळ चित्रे या दुसऱ्या चाचणीत नापास होतात. बोलणारी दोन माणसे कोणतीही असली तरी चालते, कारण कोटी केवळ शब्दांत असते.

पारख कोणी करावी, कशी करावी?

स्वतःच्या चित्राची पारख करताना चित्रकारापुढे एक विचित्र अडचण असते. विनोदात अनपेक्षितपणा हवा आणि त्याला तर सर्व काही आधीपासून ठाऊक असते. कल्पना सुचल्याक्षणी जो आनंद होतो, तो शोधाचा असतो. तोच आनंद वाचकाला होईल, अशी चित्रकाराची समजूत होते. म्हणून चित्र काही दिवस नजरेआड ठेवावे. त्यानंतर ज्याने ते घडताना पाहिलेले नाही अशा व्यक्तीच्या हाती एकही शब्द न बोलता द्यावे. तिची नजर प्रथम कुठे जाते, कुठे अडते, हे पाहावे. तिने ‘यात काय आहे?’ असे विचारले, तर स्पष्टीकरण देण्याचा मोह टाळून चित्र पुन्हा काढावे. छापलेल्या चित्राशेजारी चित्रकार उभा राहणार नसतो.

पण पाहणारा हसला, तर पारख संपली का? भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. भरताने ते उत्तम, मध्यम आणि अधम अशा प्रकृतींशी जोडले. माणसांची ही उतरंड आपण मान्य करण्याचे कारण नाही. पण हशा मोजण्यापेक्षा त्याची जात ओळखावी, ही त्यातली दृष्टी आजही उपयोगी पडते.

लाटणे उगारलेली बायको, दाराआड दडलेला नवरा, जाडजूड सासू आणि विसराळू प्राध्यापक ही चित्रे वर्षानुवर्षे छापली गेली. त्यांना हशा मिळाला, हेही खरे आहे. मात्र हा हशा त्या चित्राने कमावलेला नसतो. पूर्वीच्या अनेक चित्रांनी आपल्याला लावलेल्या सवयीचा तो परतावा असतो. लाटणे दिसताच आपण हसायला लागतो, मग चौकटीत उरलेले पाहण्याची गरज भासत नाही. असा साचा चित्रकाराला निरीक्षणाच्या कष्टांतून सोडवतो आणि वाचकाला विचाराच्या. त्याचबरोबर घरातली बाई कजाग असते, हे गृहीतक तो दरवर्षी नव्याने पक्के करतो. कलेचा दोष आणि न्यायाचा दोष येथे एकाच मुळातून आलेले दिसतात, ते मूळ म्हणजे न पाहता काढणे. लोकांना आवडते म्हणून काढले, हे उत्तर संपादकाला पुरेसे वाटेल, पण समीक्षकाला ते पुरेसे वाटू नये.

दोन आक्षेप

विनोदाचे विच्छेदन केले की विनोद मरतो, असा आक्षेप घेतला जातो. एखाद्या विनोदाचा उलगडा केल्यावर त्या क्षणाचे हसू ओसरते, हे मान्य आहे. पण कवितेचे रसग्रहण केल्याने कविता मरत नाही, हा आपला अनुभव आहे. ‘मोहिनी’चे ते मुखपृष्ठ त्यातली युक्ती कळल्यानंतरही पाहावेसे वाटते. विश्लेषणाने जे चित्र संपते, त्यात बहुधा युक्तीपलीकडे काही नसते.

दुसरा आक्षेप असा की, एवढा विचार करून कोणी चित्र काढत नाही, ते सुचते. सुचण्याचा भाग नाकारता येणार नाही. मात्र सुचलेल्या दहा कल्पनांतल्या नऊ नाकारणे, हे सुचण्याने होत नाही. त्यासाठी पारख लागते. पेशाने अभियंता असलेल्या वसंत सरवटे यांनी चित्रे काढता काढता व्यंगकलेविषयी विचारपूर्वक लेखनही केले. फडणिसांनी गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रे काढून चित्राची सुबोधता लहान मुलांपुढे कसाला लावली. या कलावंतांना विचाराचे वावडे नव्हते.

समारोप

आपल्यापैकी बहुतेकजण हास्यचित्रकार होणार नाहीत. पण वाचक आपण सगळेच आहोत. आज मोबाइलवर दिवसाकाठी अनेक विनोदी चित्रे आपल्यापर्यंत येतात आणि विचार न करता पुढे पाठवली जातात. पुढे पाठवणे हीसुद्धा एक पसंती आहे, म्हणजेच ती पारख आहे. चित्र पाहून हसल्यानंतर क्षणभर थांबून ‘मी कशाला हसलो?’ असे स्वतःला विचारले, तर त्याने हसू कमी होणार नाही. काही चित्रे मात्र पुढे जाणार नाहीत आणि काही पुन्हा एकदा नीट पाहिली जातील. दिवाळी अंक वाचून झाल्यावरही त्यातले एखादे चित्र जपून ठेवणारे वाचक पूर्वी घरोघरी असत. तसा वाचक असेल, तर चित्रकारालाही दुसरा आराखडा फाडून तिसरा काढावासा वाटेल.

विचारासाठी प्रश्न

१. कोणत्याही दिवाळी अंकातील एक हास्यचित्र निवडा. त्याखालील ओळ झाकून आणि नंतर चित्र झाकून ते तपासा. तुमचा निष्कर्ष कारणांसह लिहा.

२. ‘हास्यचित्राचा अर्थ व्यंजनेने कळतो’ या विधानाची चर्चा एका शब्दविरहित चित्राच्या आधारे करा.

३. या लेखातील रांगेच्या चित्रातून घड्याळ वगळावे की ठेवावे, याबद्दल तुमचे मत मांडा.

४. लोकप्रियता हा हास्यचित्राच्या गुणवत्तेचा निकष मानावा का? लेखकाच्या मताशी तुम्ही असहमत असाल, तर तुमची बाजू उदाहरणांसह मांडा.